चार, बारा, आठ

पहाटे ४

भोंगा झाला की आई डोळे न उघडताच म्हणायची, "सुटली पाळी." हंगामात आमचा दिवस तिथून सुरू व्हायचा. साखर कारखान्याच्या पाळ्या तीन: चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते चार. उजाडण्या-मावळण्याशी त्यांचं काही देणंघेणं नाही. माझे मामा सोलापुरात कापडगिरणीत होते, त्यांची पहिली पाळी सकाळी सातची. ते आमच्याकडे मुक्कामाला आले की या भोंग्याला दचकून उठून बसायचे. "या वेळेला कोण जातंय कामाला?" आणि जाणाऱ्यांच्या सायकली तेवढ्यात दारावरून खडखडत जायच्या.

मी सांगते आहे तो दिवस १९७५ च्या जानेवारीतला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीचा. मी सहावीत होते. त्या आठवड्यात वडिलांची, म्हणजे आण्णांची, आठ-चार होती, म्हणजे रात्री आठला जायचं आणि पहाटे चारला सुटायचं. सव्वाचारला दाराची कडी वाजली. आण्णा आत आले की त्यांच्याबरोबर एक वास यायचा: उकळत्या पाकाचा गोड आणि त्यावर गंधकाच्या धुराचा तिखट. रस स्वच्छ करायला चुन्याची निवळी आणि गंधकाचा धूर वापरतात. तो धूर कपड्यांत बसतो तो बसतोच. आई त्यांचे कामावरचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची, तरी आमच्या सगळ्या घराला हंगामभर तोच वास.

"किती झालं?" आईनं विचारलं.

"कमीच. गाड्या न्हाईत. टोळ्यांनी संक्रांत धरली."

आमच्या घरात सकाळची पहिली बातमी ही असायची, गाळप किती झालं. पेपर अकलूजवरून यायचा तोवर दुपार व्हायची.

पहाटे ५

आम्ही राहायचो ते माळीनगर. सोलापूर जिल्हा म्हटलं की लोकांना ज्वारी, चादर आणि कडक ऊन आठवतं. माळशिरस तालुक्याचा हा पट्टा त्यात बसत नाही, कारण इथं भाटघर धरणाचं पाणी नीरेच्या उजव्या कालव्यानं येतं. त्या पाण्यामागोमाग सासवडकडचे माळी शेतकरी आले. ऊस लावणं आणि गूळ करणं हा त्यांच्या हातातला धंदा. पुढं जगभरच्या मंदीत गुळाचे भाव पडले, तेव्हा या शेतकऱ्यांनी आपसात भांडवल जमवून १९३२ साली 'दि सासवड माळी शुगर फॅक्टरी' ही कंपनी काढली. त्याच साली सरकारनं बाहेरच्या साखरेवर संरक्षक जकात बसवली आणि देशभर कारखाने उठले. १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली, तिचा कारखाना आमच्या शेजारी श्रीपूरला. नीरेपलीकडे वालचंद हिराचंदांचं वालचंदनगर. सहकारी साखर कारखान्यांचं नाव आज सगळ्यांच्या तोंडी असतं, पण प्रवरेच्या सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. तोवर या पट्ट्यात खासगी कंपन्यांच्या चिमण्यांनी धुराची एक पिढी काढली होती.

इतिहास मला नंतर कळला. पाचला मला कळायचं ते एवढंच की नळाला पाणी आलं आहे आणि हांडे भरायचे आहेत. घर कंपनीचं, नळ कंपनीचा, दिवा कंपनीचा. हंगामात वीजसुद्धा कारखान्याच्याच टर्बाइनची. बल्ब जरा फडफडला तर आई म्हणायची, "बॉयलरला भुसा कमी पडला वाटतं," आणि बहुतेक वेळा ते खरं असायचं. भुसा म्हणजे रस काढून राहिलेली चिपाडं. १०० किलो ऊस आत गेला तर साखर निघते १० ते ११ किलो, भुसा मात्र ३० किलोच्या आसपास. तोच भुसा बॉयलरात जाळून वाफ करायची आणि त्या वाफेवर पुढचा ऊस गाळायचा. आपलंच जळण आपल्याबरोबर घेऊन येणारं दुसरं पीक मला माहीत नाही.

त्या भुशाची काळी राख रात्रभर पडायची. अंगणात, तुळशीवर, दोरीवरच्या कपड्यांवर. हलकी, हाताला लागली की रेघ उठायची. पाचला हांडे, त्यानंतर अंगण. वाऱ्याची दिशा बघून कपडे कुठल्या बाजूला वाळत घालायचे हे कॉलनीतल्या पोरीला पाढ्यांच्या आधी यायचं.

सकाळी ७

आता घरात बोलायचं नाही.

आण्णा पॅनमन होते. बॉयलिंग हाऊसमध्ये मोठमोठ्या बंद भांड्यांत पाक शिजतो, त्याला पॅन म्हणतात. आतली हवा खेचून घेतलेली असते, त्यामुळे पाक कमी उष्णतेवर उकळतो आणि करपून लाल होत नाही. पाक दाट होत होत अशा एका जागेला येतो की तिथं साखरेचा दाणा धरायला लागतो. दाणा धरला की नाही, सारखा धरला की बारीक-मोठा, मधूनच नवा चुरा तयार होतोय का, हे पॅनमनला ओळखायचं असतं. तो सळईनं नमुना काढतो, काचेवर पसरतो, दिव्यापुढं धरतो, बोटांत तार ओढून बघतो. केमिस्टकडं आकडे असतात, ब्रिक्स आणि प्युरिटी. तरी माझ्या आठवणीतले तरुण केमिस्ट पॅन सोडायच्या आधी आण्णांच्या तोंडाकडं बघायचे. आण्णा सातवी शिकलेले. घरी पुरणाचा कट, गुळाचा पाक, काहीही चुलीवर असलं की ते जाता जाता डावात घेऊन बोटांत ओढून बघायचे आणि आईचा त्यावर संताप व्हायचा.

असा माणूस आठ तास उभा राहून आलेला. त्याला झोप हवी. घर दोन खोल्यांचं, आणि आम्ही पोरं तीन.

तेव्हा जे कळत नव्हतं आणि आज जास्तच नवलाचं वाटतं ते हे: फर्लांगभरावर कारखाना चोवीस तास घरघरत असायचा. ऊस तोडणारी पाती, रोलर, टर्बाइन, वाफेच्या शिट्ट्या. शिवाय रस्त्यानं बैलगाड्यांची रांग, घुंगरं, गाडीवानांच्या शिव्या. त्यात आण्णा मुडद्यासारखे झोपायचे. आणि धाकट्याच्या हातून चमचा पडला की, "कोण हाय रं तिकडं?" कारखान्याचा आवाज आमच्या कानांना आवाज वाटतच नव्हता. आवाज म्हणजे माणसानं केलेला.

त्यामुळं कॉलनीत एक अलिखित कायदा होता. ज्याच्या घरी आठ-चार, त्याच्या दारापुढं गोट्या नाहीत, लगोरी नाही, भांडण नाही. दर आठवड्याला पाळ्या फिरायच्या, तसं आमचं मैदानही फिरायचं. या आठवड्यात पुढची ओळ, पुढल्या आठवड्यात मागची. नव्या बिऱ्हाडाला हे समजायला एक हंगाम जायचा. कुणाच्या बापाची कुठली पाळी हे आम्हां सगळ्यांना पाठ. बाहेरच्या माणसानं पत्ता विचारला तर आम्ही घराचा नंबर सांगायच्या आधी सांगायचो, "आत्ता जाऊ नका, झोपलेत."

सकाळी साडेदहा

शाळा. वर्गात तीन तऱ्हेची पोरं. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी कंपनीचे शेअर घेतले होते ती, ज्यांचे वडील अधिकारी म्हणून पुण्या-मुंबईहून आले होते ती, आणि आम्ही. वालचंदनगरला मालक एक घराणं; आमच्याकडं मालक म्हणजे वर्गातल्या मुलीचे चुलते, सकाळी धोतर खोचून बांधावर दिसणारे. तो फरक मोठा होता असं मला वाटतं. शेअरवाल्यांची पोरंसुद्धा उसाच्या तारखेवरून, तोडीच्या पाळीवरून घरात चाललेली भांडणं वर्गात येऊन सांगायची. त्यांचा ऊस वेळेवर तुटला नाही तर वजन घटणार; आमच्या वडिलांना ऊस वेळेवर आला नाही तर पाळी रिकामी. दोन्हीकडची काळजी एकच, पण त्या काळजीची घरं वेगळ्या रस्त्यावर होती. बंगले, मग पक्क्या ओळी, मग चाळ. कॉलनीत माणूस कुठं राहतो यावरून त्याचा हुद्दा कळायचा आणि हुद्द्यावरून हळदीकुंकवाला कोण कुणाकडं आधी जाणार हे ठरायचं. त्याबद्दल बायका बोलत नसत, पण चुकतही नसत.

आमच्यात आणखी एक पोटभेद होता. काही कामगार कायम, काही हंगामी. हंगामी माणूस कारखाना बंद झाला की गावी जायचा, त्याला घरी बसल्याबद्दल थोडा रिटेन्शन भत्ता मिळायचा आणि पुढच्या हंगामाला परत यायचा. त्यामुळं एप्रिल-मेमध्ये वर्गातल्या काही जागा रिकाम्या व्हायच्या आणि दिवाळीनंतर भरायच्या. माझी जवळची मैत्रीण अशीच येणारी-जाणारी होती. ती आली की हंगाम आला. बॉयलर पेटवायची पूजा वगैरे मोठ्यांसाठी.

आणि एक चौथी तऱ्हा होती, ती वर्गात नव्हती. बीड, पाथर्डीकडून आलेल्या ऊसतोड टोळ्यांची पोरं. रस्त्यापलीकडं त्यांच्या कोप्या, पाचटाच्या, कमरेएवढ्या दाराच्या. माझ्याएवढ्या मुली तिथं लहान भावंडं सांभाळायच्या, नाहीतर आईबरोबर फडात मोळ्या बांधायला जायच्या. साखरशाळा वगैरे पुष्कळ नंतरचं. आम्हांला आमची चाळ लहान वाटायची, पण खिडकीतून त्या कोप्या दिसत होत्या, हेही खरं आहे.

दुपारी १२ ते ५

बाराचा भोंगा शाळेतच ऐकायचा. एकच्या सुट्टीत घरी जेवायला. आण्णा उठून बसलेले, डोळे लाल. कालच्या तिळाच्या पोळ्या, शेंगांची चटणी, ज्वारीची भाकरी. या वेळेला मात्र बोलायची मुभा, म्हणून आम्ही तिघं एकदम बोलायचो आणि त्यांना काही ऐकू जायचं नाही. बॉयलिंग हाऊसमध्ये उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाला डाव्या बाजूनं बोललेलं कमी कळायचं. पुन्हा शाळा. दुपारचं काही लक्षात नाही.

संध्याकाळी साडेपाच

हा आमचा तास. ऊस यार्डाकडं जायचा रस्ता, बैलगाड्यांची रांग. एरवी ती रांग इतकी लांब असायची की गाडीवान बैल सोडून, गाडीखाली अंथरूण टाकून झोपायचे. वजनकाट्याला नंबर लागायला रात्र व्हायची. आम्ही रांगेच्या मागच्या टोकाला जायचो. एकानं गाडीवानाशी बोलत राहायचं, दुसऱ्यानं मोळीतून एक कांडं ओढायचं. ऊस उपटला की सर्रकन आवाज होतो, त्यामुळं तो कारखान्याच्या शिट्टीबरोबर उपटायचा. ही चोरी आहे असं कुणालाच वाटत नसे. गाडीवान ओरडायचा ते रीत म्हणून. आणि ज्यांच्या शेतातला ऊस, त्यांचीच पोरं कधीकधी आमच्यात असायची.

त्या दिवशी रांग आखूड होती. संक्रांतीला टोळ्यांनी खाडा केला होता आणि दुसऱ्या दिवशीही निम्म्या फडांवर कोयता पडला नव्हता. पोरांच्या लेखी ही वाईट बातमी. तोडकरी बायका तेवढ्या नेहमीच्या जागी वाढ्यांच्या पेंढ्या घेऊन बसलेल्या. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. तो कारखान्यात चालत नाही, गुरांना चालतो, आणि विकून आलेला पैसा टोळीच्या बाईचा रोजचा मीठ-मिरचीचा आधार. उचल घेतलेली असते मुकादमाकडून, हिशोब होणार हंगाम संपल्यावर. हातात रोज काही पडतं ते वाढ्याचंच. कॉलनीत ज्यांच्याकडं म्हैस होती ते घासाघीस करून पेंढी घ्यायचे. आईकडं म्हैस नव्हती. तिनं त्या दिवशी वाटीभर तीळगूळ नेऊन बायकांच्या ओच्यात घातला. एकीनं तिथल्या तिथं अर्धा पोराला दिला आणि अर्धा पदराच्या गाठीला बांधला.

संध्याकाळी ७

आण्णांचं जेवण. बाकीच्या जगाची दिवेलागण, आमच्याकडं माणसाच्या दिवसाची सुरुवात. दाढी, स्वच्छ शर्ट. जाणार चिकट वाफेत, तरी शर्ट स्वच्छ हवा. गेटावर पाटी असायची, कालचं गाळप, आजवरचं गाळप, उतारा, पोती. पोतं तेव्हा क्विंटलचं. कॉलनीतली माणसं ती पाटी क्रिकेटचा स्कोअर वाचावा तशी वाचायची. उतारा, म्हणजे शंभर किलो उसामागं निघणारी साखर, साडेदहावरून एक दशांशानं खाली आला तर बॉयलिंग हाऊसवाले आणि मिलवाले एकमेकांकडं बोट दाखवायचे: रस भुशात गेला की साखर मळीत गेली? माझ्या ओळखीतल्या दोन शेजाऱ्यांचं हंगामभराचं वैर याच प्रश्नावर होतं. एक मिलचा फिटर, एक सेंट्रिफ्यूगलवर. बंद हंगामात ते एका ताटात जेवायचे.

बंद हंगाम म्हणजे वेगळंच गाव. चिमणीला धूर नाही, अंगणात राख नाही, सगळी मशिनरी खोललेली, सगळ्यांची एकच जनरल पाळी, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. आषाढात तुकोबारायांची पालखी अकलूजवरून माळीनगरला यायची आणि रस्त्यावरच उभं रिंगण व्हायचं. दोन्ही बाजूंना वारकरी, मधून अश्व धावायचा. तेव्हा सगळे वडील एकाच वेळी घरी, एकाच वेळी रस्त्यावर. माझ्या बालपणात ही गोष्ट बंद हंगामातच घडायची. बाकी वर्षभर कुणाचे तरी वडील झोपलेले असायचे.

रात्री ८

भोंगा. आण्णा सायकलवर टांग टाकून गेले. डब्यात फक्त दोन लाडू आणि चहाची बाटली. पहाटे तीनला माणूस पेंगतो, आणि नेमका त्याच वेळी पॅन तयार होतो असं त्यांचं म्हणणं. उभ्याउभ्या झोप लागलीच तर हात गरम पाइपला लागून जाग येते, हे ते विनोद म्हणून सांगायचे. त्यांच्या उजव्या कोपराखाली तसे विनोद दिसायचे.

साडेदहा

झोपेतून एकदम जाग आली. काय झालं ते कळेना. मग कळलं, घरघर थांबली होती. मिल उभी राहिली होती.

हे ज्यानं अनुभवलं नाही त्याला सांगणं कठीण. कॉलनीतली सगळी माणसं, तान्ही पोरंसुद्धा, एकाच क्षणी जागी होतात. लगेच दुसरा आवाज आला. गाळप थांबलं की वाफ घेणारं कुणी राहत नाही, बॉयलरवर दाब चढतो आणि सेफ्टी उडते. मोकळी वाफ भसाभसा आकाशात. धाकटा रडायला लागला. दारं उघडली, कंदील-बॅटऱ्या आल्या, ओट्यांवर बायका, अंगाला शाली. सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न, आणि तो काळजीचा असायचा. कारण कारखाना कशामुळंही थांबू शकतो आणि आत कुणाचं ना कुणाचं माणूस असतं.

चार-बारावाला एक शेजारी लेंग्यावरच सायकल घेऊन गेटापर्यंत जाऊन आला. लांबूनच ओरडला, "नो केन! नो केन!"

ऊस संपला, बस. कुणाला काही झालेलं नाही. सगळा ओटा हसायला लागला. इंग्रजी न येणाऱ्या माझ्या आईलासुद्धा हे दोन शब्द पक्के येत होते, आणि एवढे आनंदाचे इंग्रजी शब्द तिनं दुसरे ऐकले नसतील. कंपनीचं नुकसान, पाळीचं नुकसान, ते उद्या बघू. कुणीतरी चहा टाकला. कालचे तिळाचे लाडू निघाले. आकाशात इतक्या चांदण्या असतात हे धूर विरळ झाल्यावर दिसायचं, पण वर कुणी बघत नव्हतं, कारण बायका बोलत होत्या. हलक्या आवाजात. ही एक नवलाची गोष्ट. एरवी आमच्या कॉलनीत गुपितसुद्धा ओरडून सांगावं लागायचं, म्हणून कुणी सांगतच नसे. कारखाना थांबला की बायकांना एकमेकींचं खरं बोलणं ऐकू यायचं.

शेजारच्या काकू माझ्या आईजवळ सरकून बसल्या. लग्न होऊन त्या पहिल्यांदा कॉलनीत आल्या तेव्हाची हकीकत. सासूनं सांगितलं होतं, मुलगा केमिस्ट आहे. बस अकलूजला थांबली, घ्यायला बैलगाडी आली होती, त्यात सासरे, आणि सासरे म्हणाले, "पोरी, एक गोष्ट आधीच सांगतो..." मी आईच्या मांडीआड डोळे मिटून पडले होते. मोठ्यांचं ऐकायचं असेल तर पोरानं झोपलेलं दिसावं लागतं.

"मग?" आई म्हणाली.

काकूंनी पदर सारखा केला, इकडंतिकडं बघितलं, तोंड उघडलं. तेवढ्यात यार्डात ट्रॅक्टर शिरल्याचा आवाज आला, गव्हाणीवर मोळ्या पडल्या, शिट्टी झाली आणि मिल फिरायला लागली. काकूंचे ओठ हलत होते. मला एक शब्द ऐकू आला नाही. आई मात्र मान हलवत होती, डोळे मोठे करत होती, मध्येच तोंडाला पदर लावत होती. काकूंच्या नवऱ्याची पुढच्या आठवड्यात बारा-आठ होती, तेव्हा मी त्यांच्याकडं दुपारभर बसून बघितलं, आडून आडून विचारूनही बघितलं. त्या म्हणाल्या, "कसली गोष्ट? आन् तू जागी होतीस व्हय?"